पद्मिनी ऑइल खाईना तेव्हा

अंबाजोगाईच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. व्हिस्कॉसिटी हा माझा हातखंडा विषय. ग्लिसरीनने भरलेली काचेची नळी, तिच्यात सोडलेली स्टीलची बारीक गोळी, स्टॉपवॉच आणि स्टोक्सचा नियम. हा प्रयोग माझ्या हाताखालून किती पोरांनी केला असेल याची मोजदाद नाही. एवढं असूनही घरातल्या एका जुन्या गाडीत कोणतं इंजिन ऑइल घालायचं, या साध्या प्रश्नावर मी जे घोळ घातले ते वर्गात कधी सांगितले नाहीत. आता निवृत्त झालोय, कुणी मार्क कापणार नाही, म्हणून लिहितो.

गाडी प्रीमियर पद्मिनी. वडील पाटबंधारे खात्यात होते, माजलगाव धरणाचं काम चाललं होतं त्या काळात त्यांनी ती लातूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं, एवढी वंशावळ आमच्या घरात प्रत्येकाला पाठ. तिच्या इंजिनाचं वय मात्र मला फार उशिरा कळलं. १०८९ सीसीचं हे इंजिन फियाटने १९३७ मध्ये आणलेल्या आराखड्याचं पोर आहे. बिडाचा ब्लॉक, कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात, कॅमच्या उंचवट्यावर घासत वर-खाली होणारे सपाट तोंडाचे टॅपेट, त्यांच्यावर पुशरॉड. म्हणजे मी ज्या इंजिनासाठी ऑइल निवडत होतो त्याचा नकाशा भारताच्या स्वातंत्र्याच्याही आधीचा. हे आधी माहीत असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

वडील गेल्यावर गाडी बरीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. ती पुन्हा चालू करायचं ठरवलं तेव्हा पहिलं काम ऑइल बदलण्याचं. माझ्या दुसऱ्या, नव्या गाडीत ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक पडत होतं. दुकानदाराने पद्मिनीचं नाव ऐकल्याबरोबर वीस-चाळीसचा डबा काढून काउंटरवर ठेवला.

“सर, हेच टाका. निम्म्या पैशात काम होतंय.”

मला वाटलं हा पडून राहिलेला माल माझ्या गळ्यात मारतोय. मी त्याला तिथंच उभ्याउभ्या समजावून सांगितलं की आकडा जितका लहान तितकं ऑइल चालू होताना लवकर पळतं, आणि इंजिनाची सगळ्यात जास्त झीज सकाळी पहिल्या स्टार्टलाच होते. माझं बोलणं खोटं नव्हतं. दुकानदार “बरं सर” म्हणाला आणि महाग डबा पुढे सरकवला. त्याचा काय तोटा!

आता त्या आकड्यांचं. २०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. अंबाजोगाईत डिसेंबरात शेकोट्या पेटतात हे खरं, पण पारा शून्याच्या आसपासही फिरकत नाही. म्हणजे ज्या आकड्यावर मी दुकानदाराला व्याख्यान दिलं तो आमच्या हवेत जवळजवळ निरुद्योगी. काम करतो तो डॅशनंतरचा आकडा. इंजिन तापल्यावर, १०० अंशांना, ऑइल किती दाट राहतं ते तो सांगतो. ३० असेल तर ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ४० असेल तर १२.५ ते १६.३, आणि ५० असेल तर १६.३ ते २१.९. सेंटीस्टोकमधला स्टोक तोच, माझ्या नळीतल्या गोळीवाला. ५डब्ल्यू-४० घेतलं असतं तर तापल्यावर ते दुकानदाराच्या वीस-चाळीसच्याच पंक्तीला बसलं असतं. मी भांडलो पाचावर आणि फसलो तिसावर.

त्याचा निकाल मे महिन्यात मांजरसुंब्याच्या घाटात लागला. बीडहून दुपारी निघालो होतो. घाट दुसऱ्या गिअरवर चढवला, वर आल्यावर चहाला थांबलो आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा मिचमिचायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की विझायचा, पाय काढला की पुन्हा. मी काय निष्कर्ष काढला? वायर लूज असेल. अंबाजोगाईपर्यंत तशीच आणली. शेडमध्ये लावल्यावर दुसऱ्या दिवशी फरशीवर ताटाएवढा काळा डाग.

डाग बघून गल्लीतल्या प्रत्येकाने सांगितलं की सिंथेटिक जुनं रबर खातं. हे खरं नाही. जुन्या सीलच्या फटीत वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला असतो आणि तोच बूच म्हणून काम करत असतो. चांगलं ऑइल तो गाळ धुऊन काढतं, आणि पातळ असल्यामुळे मोकळ्या झालेल्या फटीतून बाहेर येतं. सील आधीच गेलेलं होतं. ऑइलने फक्त ते उघड केलं.

इथं शहाणा माणूस गॅरेजला गेला असता. मी जीप स्टँडवर गेलो. तिथल्या एका जुन्या ड्रायव्हरने उपाय सांगितला, “सर, एक लिटर एकशेचाळीस नंबर मारा त्यात. आवाज बंद, धूर बंद, दिवा बंद.” एकशेचाळीस म्हणजे गिअर ऑइल. मी मारलं. आणि खरंच तिन्ही गोष्टी बंद झाल्या! टॅपेटची टकटक थांबली, सायलेन्सरचा निळा धूर विरळ झाला, दिवा गप्प. त्या दिवशी त्या ड्रायव्हरला मी चहा पाजला होता, आणि आमच्या विभागातल्या सहकाऱ्याला सांगितलं होतं की अनुभवापुढे पुस्तकी ज्ञान काही नाही.

पुस्तकी ज्ञान मी वापरलंच कुठं होतं? गिअर ऑइलच्या आकड्यांची फूटपट्टी वेगळी. गिअरचं ९० नंबर हे दाटपणात इंजिनाच्या ४०-५० च्या आसपासचंच असतं, १४० नंबर साधारण २४ सेंटीस्टोकच्या वर. आणि बेअरिंगच्या फटीचं गणित तर मी फळ्यावर सोडवून दाखवू शकलो असतो. दोन पृष्ठभागांमधल्या अरुंद फटीतून द्रव किती निसटतो ते फटीच्या घनावर ठरतं. झीज होऊन फट दुप्पट झाली की गळती आठपट. ती दाटपणाने भरून काढायची तर आठपट दाट ऑइल हवं, आणि तसं ऑइल सकाळी वाहणारच नाही. माझं मिश्रण तिसाच्या ऑइलच्या दुप्पटही दाट झालं नसेल. दिवा विझण्याइतका दाब त्याने आणला, फट होती तिथंच राहिली. वर गिअर ऑइलमध्ये दातांवरच्या प्रचंड दाबासाठी गंधक-फॉस्फरसची द्रव्यं घातलेली असतात. तापलेल्या इंजिनात ती पितळी, कांस्य बुशांना मानवत नाहीत. जुनी गाडी विकायला काढताना ही युक्ती अजूनही सर्रास चालते. घेणाऱ्याने ऑइल मोजायची पट्टी काढून नुसता वास घेतला तरी कळतं. गिअर ऑइलचा वास एकदा नाकात बसला की जात नाही.

जानेवारीत बोर्डाच्या कामासाठी भल्या पहाटे बीडला निघायचं होतं. स्टार्टर जड फिरला, इंजिन चालू झालं आणि हेडमधून कोरडा खडखडाट. दिवा विझता विझेना. दाट झालेलं मिश्रण जाळीतून वर ओढायला पंपाला वेळ लागत होता आणि तोवर टॅपेट-रॉकर कोरडे नाचत होते. मी गाडी बंद करून एसटीने गेलो.

मग मला साफसफाईचा झटका आला. कुणाला न विचारता चेंबरमधलं सगळं काढलं, दोन लिटर डिझेल ओतलं आणि इंजिन आयडलवर चालू ठेवलं. आतला गाळ धुऊन निघेल ही कल्पना. डिझेल हे बेअरिंगसाठी ऑइल नव्हे, हे मला माहीत होतं, पण “पाचच मिनिटं” अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यानंतर डिझेल गाड्यांचं १५डब्ल्यू-४० टाकलं. हे ऑइल निवड म्हणून वाईट नाही. पद्मिनीसारख्या इंजिनात ते पुष्कळ जण बिनतक्रार वापरतात. फक्त त्यात गाळ सोडवणारी द्रव्यं भरपूर असतात. डिझेलने अर्धवट सुटलेला गाळ त्याने पुरता सोडवला, आणि तो सगळा जाऊन बसला पंपाच्या जाळीवर. परळीच्या रस्त्यावर लाल दिवा लागला तो लागलाच, आणि इंजिनाच्या पोटातून ठकठक सुरू झाली. या वेळी वायर लूज असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

तेव्हा कुठं मी चाचांकडे गेलो. चाचांनी हयात फियाट आणि अॅम्बेसेडर खोलण्यात घालवलेली. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, पण मला “सर” म्हणतात, कारण त्यांचा नातू माझ्या हाताखालून गेला. त्यांनी पट्टी काढली, दोन बोटांत ऑइल चोळलं आणि नाकाशी नेलं.

“सर, काय काय पाजलंय तुम्ही हिला?”

मी सगळं सांगितलं. डिझेलचंही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पोराला म्हणाले, “चेंबर उतरव.”

चेंबरच्या तळाला काकवीसारखा काळा थर होता. जाळी जवळजवळ बुजलेली. बेअरिंगवरचा पांढरा थर उडून खालचं तांबं दिसत होतं. कॅमशाफ्ट बाहेर काढल्यावर चाचांनी दोन टॅपेट माझ्या तळहातावर ठेवले. सपाट, आरशासारखी असायला हवी होती ती तोंडं खड्डे पडून खरबरीत झाली होती. क्रँक ग्राइंड करायला लातूरला गेला, अंडरसाइज बेअरिंग शोधण्यात दिवस गेले, कॅमशाफ्ट मुंबईहून जुन्या टॅक्सीचा मिळाला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सींचे भाग अजून कुठंकुठं फिरतायत म्हणून आमच्यासारख्यांचं भागतं.

टॅपेट हातात आल्यावर मी पुन्हा पुस्तकांकडे वळलो. सपाट टॅपेट कॅमवर घासत चालतो. एवढ्याशा रेषेवर येणाऱ्या दाबाखाली ऑइलचा थर फाटतो, तेव्हा धातूला वाचवतं ते ऑइलमधलं जस्त आणि फॉस्फरस यांचं एक संयुग, झेडडीडीपी. ते पृष्ठभागावर पातळ साय धरतं आणि धातूऐवजी ती साय झिजते. पण त्यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आले, आणि जगभरच पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमधला फॉस्फरस टप्प्याटप्प्याने उतरत गेला. डब्यावर एपीआयच्या खुणेत एसएम, एसएन, एसपी अशी अक्षरं असतात. या नव्या श्रेण्यांमध्ये ३० आणि त्याहून पातळ ऑइलांना फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के आहे. म्हणजे माझं ते महागडं ५डब्ल्यू-३० पातळ तर होतंच, शिवाय सपाट टॅपेटला लागणाऱ्या औषधाच्या बाबतीतही हात आखडलेलं. नव्या गाडीत ते उत्तम आहे, आजही मी तेच घालतो. तिथं रोलर आहेत, कन्व्हर्टर आहे.

एवढं वाचल्यावर मी नेहमीप्रमाणे दुसऱ्या टोकाला गेलो. जस्ताची बाटली मागवली आणि नव्या बांधलेल्या इंजिनात ओतायला निघालो. चाचांनी बाटली हातातून काढून घेतली. त्यांना रसायनशास्त्राशी देणंघेणं नव्हतं. डब्यात नसलेलं काहीही इंजिनात जाणार नाही, हा त्यांचा गॅरेजचा कायदा. नंतर कळलं की कायदा बरोबर होता. झेडडीडीपी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की उलट फिरतं, आणि ती ०.०८ ची मर्यादा ४०-५० च्या दाट ऑइलांना लागूच नाही. एखाद्या २०डब्ल्यू-५० वर एसएन लिहिलंय म्हणून ते जुन्या इंजिनाला निकामी, असं म्हणता येत नाही. अक्षर आणि आकडा एकत्र वाचावे लागतात. कंपनीच्या माहितीपत्रकात जस्त-फॉस्फरसचा आकडा दिलेला असला तर तोही बघावा. मग त्या काउंटरवरचंच साधं खनिज २०डब्ल्यू-४० पडलं, सीलबंद डब्यातलं. ड्रममधून मापाने मिळणाऱ्या सुट्ट्या ऑइलच्या वाटेला मात्र मी गेलो नव्हतो, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

यानंतरची दोन-अडीच वर्षं सुखाची. पण सगळ्यात मोठी चूक याच काळातली आहे, आणि तिच्यात ऑइलची निवड अगदी बरोबर होती.

पद्मिनीला ऑइल थोडं लागायचंच. बांधलेलं इंजिन असलं तरी जुना ब्लॉक, जुने व्हॉल्व्ह गाइड. लातूरची एक फेरी, धारूरचा घाट, केजचं एखादं लग्न झालं की पट्टीवरची पातळी केसभर उतरलेली असायची आणि मी पाव लिटर घालायचो. एका उन्हाळ्यात ती उतरेनाशी झाली. मी पट्टी काढतोय, पुसतोय, घालतोय, पुन्हा काढतोय, तर ऑइल वरच्या खुणेला. परळीला जाऊन आलो, तरी वरच्या खुणेला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळात मी जाहीर केलं की रिंगा बसल्या, इंजिन मार्गी लागलं, आता गाडी थेंबभर ऑइल खात नाही. मंडळातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विचारलं, “सर, खर्च शून्य कसा होईल? कुठून तरी जमा होत असेल.” ते गमतीत म्हणाले. मी हसून सोडून दिलं.

पावसाळ्याच्या तोंडाला पातळी खुणेच्या वर गेली. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मागच्या वेळी जास्त ओतलं असेन, असं ठरवून मोकळा झालो. मग आयडलवर दिवा हलकासा फडफडला, आणि या खेपेला मात्र गाडी न हलवता चाचांना बोलावलं. त्यांनी पट्टी नाकाशी धरली आणि माझ्याकडे दिली. पेट्रोलचा भपकारा. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी एक थेंब सोडला. मधोमध काळा ठिपका राहिला आणि त्याच्याभोवती पातळ, ओलसर कडं पसरत गेलं.

“खात होती सर ती. तुम्हाला दिसत नव्हतं, एवढंच.”

पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टच त्याला हलवतो. त्यातला रबरी पडदा फाटला होता. पेट्रोल थेंबाथेंबाने चेंबरमध्ये उतरत होतं आणि जळणाऱ्या ऑइलची जागा भरत होतं. मी पाठ थोपटून घेत होतो तेव्हा माझं वीस-चाळीस आठवड्याआठवड्याला पातळ होत चाललं होतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने पडदा गेला का, असं मी विचारलं. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही हे खरं, पण हा पडदा कुणाच्या तरी दुकानात किती वर्षं पडून होता कोण जाणे, तेव्हा सगळं खापर इ-२० वर फोडणं मला पटत नाही. पंप उघडून पाहणं माझं काम होतं. पातळी उतरायची थांबली त्याच आठवड्यात पट्टीचा वास घ्यायला हवा होता. लांबचा प्रवास झाला की तापलेल्या ऑइलमधलं थोडं पेट्रोल उडूनही जातं. मी त्या उन्हाळ्यात गाडी बहुतेक बाजार आणि योगेश्वरीचं देऊळ एवढ्यावरच फिरवत होतो, त्यामुळे तेही झालं नाही.

बेअरिंग उघडून पाहिली. चरे होते, पण तांबं दिसत नव्हतं. चाचांनी बोट फिरवून “चालतील” म्हणून परत बसवली. नवा पडदा, नवं ऑइल, नवा फिल्टर.

तेव्हापासून किलोमीटर कितीही कमी झाले तरी वर्षाला एकदा ऑइल काढून टाकतो. कमी फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलात पाणी आणि पेट्रोल जास्त साठतं, हे शेडमधल्या गाडीवाल्यांना पटवणं अवघड जातं. त्यांना वाटतं, वापरलंच नाही तर खराब कसं होईल. पातळी उतरली की वहीत तारीख टाकतो, आणि उतरली नाही तर चाचांना फोन करतो. आमचा आता एकच वाद उरलाय. उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० घालावं असं माझं मत आहे. चाळिशीपार तापमान, मांजरसुंब्याचा घाट, आयडलवरचा दाब, सगळं मी त्यांना आकड्यांनिशी मांडून दाखवलंय. चाचा म्हणतात, बेअरिंग नीट आहेत तोवर चाळीस पुरतं, पन्नास घातलं की इंजिन जड पळतं आणि पेट्रोल खातं. पन्नासचा डबा मी आणून ठेवलाय. गेल्या मेमध्ये त्यांनी तो उघडू दिला नाही. या मेमध्ये दाब मोजायचं गेज लावून दोन्ही बघू असं ठरलंय, गेजचे पैसे माझे.